एआयचे नियम आणि नाशिकचा छोटा उद्योग : तयारी कशी करावी

अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्याची प्रश्नावली मी भरून देत होतो. परदेशी ग्राहक दरवर्षी अशी प्रश्नावली पाठवतो. दर्जा, पर्यावरण, कामगारांची सुरक्षितता या नेहमीच्या प्रश्नांच्या शेवटी या वेळी एक नवा प्रश्न होता : तुमच्याकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर कुठे कुठे होतो आणि त्यावर देखरेख कोण ठेवते? मालक लगेच म्हणाले, "आपल्याकडे तसलं काही नाही, 'नाही' लिहा." मी तसे लिहिले, त्यांनी सही केली आणि प्रश्नावली गेली. आठवडाभराने दुसऱ्याच कामासाठी त्यांच्या कार्यालयात बसलो असताना दिसले, की कोटेशनची इंग्रजी पत्रे चॅटबॉटकडून लिहून घेतली जात होती, हजेरीचे यंत्र चेहरा ओळखून नोंद करत होते आणि नोकरीसाठी आलेल्या बायोडाटांची चाळणी एका मोफत अ‍ॅपवर होत होती. मालक खोटे बोलले नव्हते, त्यांना ठाऊकच नव्हते. पण कागदावर सही त्यांची होती आणि उत्तर मी लिहिले होते, त्यामुळे ही चूक आम्हा दोघांची होती.

एआयच्या नियमांची तयारी करायची म्हणजे सर्वांत आधी आपल्याच छपराखाली एआय कुठे कुठे शिरला आहे, हे शोधून काढायचे. कोणताही कायदा, कोणताही ग्राहक आणि कोणताही तपास अधिकारी शेवटी हेच विचारणार आहे : कुठे वापरता, कोणाची माहिती त्यात घालता, अंतिम निर्णय कोण घेतो आणि हे दाखवायला तुमच्याकडे कागद आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे तयार असतील, तर नियमाचे नाव आणि तारीख बदलली तरी फार धावपळ करावी लागत नाही.

सध्या काय लागू आहे

भारतात एआयसाठी स्वतंत्र कायदा नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये एआयविषयक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि तूर्त नवा कायदा न करता आहेत त्याच कायद्यांच्या आधारे काम चालवावे, अशी भूमिका घेतली. यावरून अनेक उद्योजकांनी 'म्हणजे आपल्याला काही करायचे नाही' असा अर्थ काढला आहे आणि तो धोक्याचा आहे. एआय वापरून केलेली फसवी जाहिरात ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसवी जाहिरातच ठरते, आणि भरतीत स्त्री उमेदवाराला डावलणे हा वेतन संहितेचा भंगच ठरतो, मग ते माणसाने केलेले असो की अ‍ॅपने. महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केले आणि त्यासाठी पहिल्या तीन वर्षांकरिता ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली, परंतु ते शेतीत एआयचा वापर वाढवण्यासाठीचे धोरण आहे, त्यात उद्योजकांवर बंधने घालणारा कायदा शोधू नये.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यवसायांवरील मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. या कायद्यात 'एआय' हा शब्द नाही, तरी त्यातील दोन तरतुदी थेट एआयच्या वापरावर येऊन पडतात. पहिली अशी, की एखाद्या व्यक्तीच्या माहितीवरून तिच्यावर परिणाम करणारा निर्णय घेतला जात असेल, तर ती माहिती पूर्ण, अचूक आणि सुसंगत ठेवण्याची जबाबदारी व्यवसायाची आहे. दुसरी अशी, की माहितीवर प्रक्रिया करण्याचे काम तुम्ही बाहेरच्या कंपनीला दिले असले आणि करारात काहीही लिहिलेले असले, तरी कायद्यापुढे उत्तर तुम्हीच द्यायचे आहे. माहितीच्या सुरक्षिततेसाठी वाजवी उपाय न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या उद्योगाला एवढा दंड होईल असे मी म्हणत नाही, कारण दंड ठरवताना चुकीचे स्वरूप आणि गांभीर्य पाहायचे असते. मात्र 'आम्ही लहान आहोत' एवढ्या एका कारणावर सुरक्षिततेच्या जबाबदारीतून सुटका होत नाही, हे लक्षात ठेवावे.

नाशिककरांसाठी या तारखेला आणखी एक अर्थ आहे. मे २०२७ मध्ये या जबाबदाऱ्या सुरू होतील आणि सिंहस्थातील पहिले अमृतस्नान ऑगस्ट २०२७ मध्ये आहे. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर परिसरातील लॉज, होम-स्टे, प्रवासी वाहतूकदार आणि खाणावळी आत्तापासूनच व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप उत्तर देणारे बॉट बसवत आहेत, आणि भाविकांची नावे, मोबाइल क्रमांक व आधारच्या प्रती त्याच वाटेने गोळा होणार आहेत. म्हणजे कायद्याची जेमतेम काही आठवडे जुनी अंमलबजावणी आणि गर्दीचा कळस एकाच हंगामात येतील. कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, संमती मागे कशी घ्यायची आणि तक्रार कुठे करायची, हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागते. गुजरात, आंध्र, उत्तर प्रदेश अशा सगळीकडून माणसे येणार असल्याने ही सूचना मराठी, हिंदी, गुजराती आणि तेलुगूत आधीच तयार करून ठेवणे शहाणपणाचे आहे. ऐन गर्दीत हे काम होणार नाही.

वापरवही कशी लिहावी

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी किंवा संगणकावर एक तक्ता करावा. मी वहीचा आग्रह धरतो, कारण ती सुपरवायझरच्या टेबलावर उघडी राहते. प्रत्येक ओळीत सात गोष्टी असाव्यात : कोणते काम, कोणते साधन, खाते कोणाच्या नावावर, त्यात कोणाची कोणती माहिती जाते, निघालेला निकाल कोण वापरतो, अंतिम निर्णय कोणाचा आणि नोंद केल्याची तारीख. वहीचे नाव काहीही ठेवावे, आम्ही तिला वापरवही म्हणतो.

दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्ष निर्यातदारांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. निर्यातीसाठी बागेची नोंदणी करायची, प्रत्येक फवारणीची तारीख, औषध आणि मात्रा लिहून ठेवायची, माल काढण्यापूर्वी अंश-तपासणी करून घ्यायची, ही शिस्त त्यांच्या हाडीमासी मुरलेली आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा बाजारभावापेक्षा फवारणीच्या नोंदीला किती किंमत आहे हे इथल्या बागायतदाराने जवळून पाहिले. एआयची वापरवही हीच फवारणीची वही आहे. माल अडकल्यावर मागील तारखांनी लिहिलेली वही कोणी मानत नाही, त्याच दिवशी लिहिलेली वही मानतात.

वही भरण्यासाठी मालकाने स्वतः प्रत्येक टेबलापाशी जाऊन पंधरा मिनिटे बसावे. 'तुम्ही एआय वापरता का?' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा 'नाही' येते. 'इंग्रजी पत्र कसे लिहिता, दाखवा', 'बायोडाटा आल्यावर पुढे काय करता, दाखवा', 'ग्राहकाचा आवाजी निरोप लिखित कसा होतो, दाखवा', असे विचारावे. हातात मोबाइल असताना माणूस आपोआप दाखवतो. विचारताना आवाज तपासणीचा नसावा. ज्या मुलीने कामाचा वेळ वाचवण्यासाठी अ‍ॅप शोधले, तिला दटावले तर उद्या ती तेच काम लपवून करील आणि वही कोरी राहील.

वर सांगितलेल्या कारखान्यात आम्ही असेच बसलो, तेव्हाचे एक दृश्य मला विसरता येत नाही. भरतीचे काम पाहणाऱ्या ताईंनी मोबाइल पुढे केला. मशीन ऑपरेटरच्या जागेसाठी आलेले साठेक बायोडाटा त्यांनी एकामागून एक अ‍ॅपमध्ये टाकले होते आणि वर लिहिले होते, 'चांगले, नियमित येणारे, जवळ राहणारे उमेदवार वर घे.' यादी सुबक होती. वरच्या वीस जणांत सातपूर, सिडको, पाथर्डी फाटा अशी गावठाणे आणि उपनगरे होती. शेवटच्या दहा जणांत सहा मुले पेठ आणि सुरगाण्याची होती आणि त्यांतील चौघांनी आयटीआय पहिल्या श्रेणीत पूर्ण केले होते. पेठ आणि सुरगाणा हे आदिवासीबहुल तालुके आहेत. ताईंच्या मनात असे काही नव्हते, त्या स्वतः इगतपुरीहून येऊन खोली घेऊन राहिलेल्या होत्या. त्यांनी यादीवरून बोट खाली नेले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सर, ही मुलं इथं खोली घेऊन राहिलीच असती ना." त्या मुलांना फोन गेला नव्हता आणि का गेला नाही, हे त्यांना कोणीही कधी सांगितले नसते.

त्याच मोबाइलवर दुसरी गोष्टही दिसली. बायोडाटांसोबत काही उमेदवारांनी आधारची प्रत जोडलेली होती आणि ती जशीच्या तशी एका मोफत खात्यात गेली होती, जे खाते कंपनीचे नव्हते, ताईंच्या खासगी ई-मेलवर उघडलेले होते. उद्या त्या नोकरी सोडून गेल्या, तर साठ जणांची कागदपत्रे त्यांच्या खात्यात राहतील आणि कंपनीला ती पुसताही येणार नाहीत.

कोणत्या वापराची काळजी जास्त करावी

वही भरल्यावर घाबरून सगळेच बंद करू नये. प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न विचारावा : या निकालामुळे एखाद्या माणसाची नोकरी, पगार, उधारी, शिक्षण, उपचार किंवा प्रतिष्ठा यांवर परिणाम होतो का? होत असेल तर लाल खूण, माणसाची माहिती जाते पण निर्णय होत नाही तर पिवळी, आणि यातील काहीच नसेल तर खूण नको.

पॅकहाऊसमध्ये कॅमेऱ्याने द्राक्षाच्या मण्यांची प्रतवारी होते, तिथे मण्याचा आकार आणि रंग पाहिला जातो. मणी ही व्यक्ती नाही, त्यामुळे तिथे फारशी कागदपत्रे लागत नाहीत. त्याच पॅकहाऊसच्या दारावर शंभर महिला कामगारांची हजेरी चेहरा ओळखून घेतली जाते, तिथे मात्र लाल खूण हवी, कारण यंत्राने चेहरा ओळखला नाही तर दिवसाची मजुरी बुडते. पहाटेच्या अंधुक उजेडात, डोक्यावर रुमाल आणि तोंडाला मास्क असताना चेहरा ओळखला न जाणे ही रोजची गोष्ट आहे. अशा ठिकाणी शेजारी हजेरीची वही ठेवावी, यंत्राने नाकारलेल्या प्रत्येक नावासमोर मुकादमाची सही घ्यावी आणि पगार काढताना दोन्ही जुळवून पाहावे. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला डेटा संरक्षण कायदा काही प्रमाणात मोकळीक देतो, पण त्या मोकळिकीचा अर्थ चुकीच्या हजेरीवरून पैसे कापता येतात असा नाही.

क्लासचालकांनी एक गोष्ट वेगळी लक्षात घ्यावी. १८ वर्षांखालील प्रत्येकाला हा कायदा बालक मानतो, त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते आणि मुलांवर रोखलेल्या लक्ष्यित जाहिरातींना बंदी आहे. शिक्षणाच्या कामासाठी शैक्षणिक संस्थांना काही सवलती आहेत, त्या शिकवण्यापुरत्या आहेत, प्रवेशाच्या जाहिरातींसाठी नाहीत.

कार्यालयाचा एक पानी नियम

मोठ्या कंपन्यांची चाळीस पानी धोरणे उतरवून घेऊ नयेत, कोणी वाचत नाही. एका पानावर मराठीत लिहावे आणि संगणकाशेजारी चिकटवावे. त्यात एवढे असले तरी पुरे : कामासाठी कंपनीच्याच ई-मेलवर उघडलेले खाते वापरायचे, आधार, पॅन, बँक खाते, आजारपण, पगारपत्रक आणि ग्राहकाची ड्रॉइंग कोणत्याही चॅटबॉटमध्ये टाकायची नाहीत, बाहेर जाणारे प्रत्येक पत्र पाठवणाऱ्याने स्वतः वाचायचे, आकडा, दर, तारीख आणि कलम मूळ कागदाशी पडताळायचे, नवे साधन सुरू करण्याआधी वहीत ओळ लिहायची.

ग्राहकाच्या ड्रॉइंगचा मुद्दा मी मुद्दाम घातला आहे. सातपूर-अंबडमधील अनेक कारखाने जॉबवर्क करतात आणि ड्रॉइंग ग्राहकाच्या मालकीचे असते, बहुतेक वेळा गोपनीयतेच्या कराराने बांधलेले असते. मापांचे भाषांतर करून घेण्यासाठी ते मोफत अ‍ॅपमध्ये टाकले, तर वैयक्तिक माहितीचा कायदा मोडत नाही, पण करार मोडतो, आणि छोट्या उद्योगाला कायद्याच्या दंडाआधी ऑर्डर जाण्याचा फटका बसतो. पैसे भरून घेतलेल्या खात्यात 'आमची माहिती प्रशिक्षणासाठी वापरू नये' अशी निवड असते का, हे सेटिंगमध्ये जाऊन पाहावे आणि त्या पडद्याचे चित्र छापून वहीत लावावे.

भरती आणि ग्राहक

भरतीत एआय वापरायचाच असेल, तर त्याच्याकडून उमेदवारांना क्रम लावून घेऊ नये. त्याला फक्त माहिती काढायला सांगावे : आयटीआयचा व्यवसाय कोणता, अनुभव किती वर्षे, कोणते यंत्र चालवले. क्रम माणसाने लावावा. नाव, आडनाव, पत्ता, पिनकोड, जन्मतारीख, छायाचित्र आणि वैवाहिक स्थिती झाकून मगच माहिती पुढे द्यावी, कारण आपल्याकडे आडनाव आणि गाव यांवरून जात, धर्म आणि आर्थिक स्थिती हे सगळे कळते आणि यंत्रालाही ते कळते. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने १ जानेवारी २०२६ पासून लागू केलेल्या दुरुस्तीत, भेदभाव करण्यासाठी पत्त्याच्या पोस्टल कोडचा आडमार्ग म्हणून वापर करण्यास स्पष्ट मनाई केली आहे. तो कायदा इथे लागू नाही, पण आडमार्ग मात्र इथेही तोच आहे. शिवाय नाकारलेल्यांपैकी दर दहांत एक बायोडाटा जबाबदार माणसाने पुन्हा उघडून पाहावा आणि पाहिल्याची नोंद करावी. आमच्या त्या कारखान्यात हे सुरू केल्यावर पेठच्या दोन मुलांना मुलाखतीला बोलावले गेले.

ग्राहकाशी बोलणारा बॉट बसवला असेल, तर पहिल्याच ओळीत तो बॉट असल्याचे सांगावे आणि माणसाशी बोलण्याचा पर्याय ठेवावा. बॉटने दिलेले वचन हे दुकानाने दिलेले वचन आहे, असे धरून चालावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातील एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडा या विमान कंपनीला हेच सुनावले. कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली होती आणि चॅटबॉट हा स्वतंत्र घटक असल्याचा कंपनीचा बचाव फेटाळून तिला सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. रक्कम छोटी होती, पण तत्त्व मोठे आहे आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे उभे राहणाऱ्या दुकानदाराने यापेक्षा वेगळ्या निकालाची आशा धरू नये. म्हणून दर, परताव्याची अट आणि हमी या तीन गोष्टी बॉटने मनाने रचू नयेत, छापील मजकुरातूनच द्याव्यात, अशी मांडणी पुरवठादाराकडून करून घ्यावी.

जाहिरातींविषयी थोडक्यात सांगतो. कृत्रिमरीत्या तयार केलेल्या चित्र, आवाज आणि चित्रफितींवर तशी खूण असावी, याविषयी समाजमाध्यमांवर फेब्रुवारी २०२६ पासून माहिती तंत्रज्ञान नियमांखाली जबाबदाऱ्या आल्या आहेत आणि मोठ्या माध्यमांवर मजकूर टाकणाऱ्याला तो कृत्रिम आहे का हे घोषित करावे लागते. छायाचित्राचा उजेड वाढवणे यात येत नाही. पण अस्तित्वात नसलेल्या द्राक्षबागेचे चित्र 'आमची बाग' म्हणून किंवा एखाद्या नटाच्या आवाजाची नक्कल दुकानाच्या जाहिरातीत वापरणे हे सरळ अंगलट येणारे आहे. खोटी ग्राहक-मते लिहून घेणे तर मुळीच करू नये.

परदेशी ग्राहक असल्यास

नाशिकमध्ये अमेरिकेतील कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर, हिशेब किंवा माहिती-भरणीचे काम करणारी अनेक छोटी कार्यालये आहेत. तिकडे संपूर्ण देशासाठी एकच एआय कायदा नाही, राज्याराज्यांचे वेगवेगळे कायदे आहेत. कोलोरॅडोने मे २०२४ मध्ये नोकरी, कर्ज, विमा, घर अशा महत्त्वाच्या निर्णयांत वापरल्या जाणाऱ्या एआयविषयी कायदा केला. त्याची अंमलबजावणी आधी १ फेब्रुवारी २०२६ ला व्हायची होती, ती ऑगस्ट २०२५ मध्ये ३० जून २०२६ पर्यंत पुढे ढकलली गेली आणि मे २०२६ मध्ये या कायद्याच्या जागी नवा कायदा आणून १ जानेवारी २०२७ ही तारीख ठरली. मूळ कायद्यात ५० पेक्षा कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या वापरकर्त्या व्यवसायांना काही कर्तव्यांतून सूट होती, मात्र स्वतःच्या माहितीवर ती प्रणाली प्रशिक्षित केलेली नसावी, अशी अट होती. टेक्सासचा कायदा १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. त्यात चूक दुरुस्त करण्यासाठी ६० दिवसांची मुदत मिळते. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी राज्यांच्या अशा कायद्यांविरुद्ध कार्यकारी आदेश काढला, पण अशा आदेशाने राज्याचा कायदा आपोआप रद्द होत नाही.

हे सगळे पाठ करण्याची गरज नाही. हे कायदे नाशिकपर्यंत करारातून येतात. तिकडचा ग्राहक आपल्यावरची जबाबदारी करारातील एका कलमाने तुमच्यावर टाकतो आणि ते कलम बहुधा जोडपत्रात असते. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी शोधाव्यात : 'लागू असलेले सर्व एआय कायदे पाळू' असे मोघम वचन आहे का, नुकसानभरपाईला मर्यादा आहे का, आणि तपासणीसाठी किती वर्षांच्या नोंदी मागितल्या आहेत. मोघम वचनाऐवजी राज्याचे आणि कायद्याचे नाव लिहून मागावे. ग्राहक बहुतेक वेळा ते मान्य करतो, फक्त कोणी विचारत नाही. टेक्सासच्या कायद्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेची एआय-जोखीम चौकट पाळल्याचा बचावासाठी उपयोग होतो, कोलोरॅडोच्या मूळ कायद्यातही तशी तरतूद होती. ही चौकट इंटरनेटवर मोफत मिळते आणि आपली वापरवही तिच्या पहिल्या पायरीत चपखल बसते. परदेशातील लोकांच्या माहितीवर करारानुसार भारतात प्रक्रिया करणाऱ्यांना आपल्या डेटा कायद्यातून बरीच सूट आहे, पण सुरक्षिततेच्या उपायांची जबाबदारी त्यातही कायम राहते.

तुम्ही स्वतः साधन विकत घेत असाल, तर पुरवठादारालाही हेच प्रश्न विचारावेत. माहिती कुठे साठवता, किती दिवस ठेवता, करार संपल्यावर पुसल्याचे लेखी पत्र द्याल का? ज्याच्याकडे याचे उत्तर नाही, त्याच्याकडून हजेरीचे यंत्र घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त देत असो.

काही बिनसल्यास

सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवण्याचा आदेश एप्रिल २०२२ पासून आहे, आणि एआय-प्रणालींवरील हल्ले त्या यादीत नावानिशी आहेत. डेटा कायद्याच्या जबाबदाऱ्या लागू झाल्यावर माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तींना आणि केंद्राच्या डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवावे लागेल, तसेच ७२ तासांत मंडळाला तपशील द्यावा लागेल. सहा तास म्हणजे सकाळी दहाला कळले तर दुपारी चारच्या आत. तेव्हा कोणाला फोन करायचा, पासवर्ड कोणाकडे आहे, संगणकाचे काम पाहणारा मुलगा गावी गेला असेल तर दुसरे कोण, हे वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवावे. सर्व्हरच्या नोंदी पुसू नयेत. घाबरून यंत्र स्वच्छ करून टाकणारे मी पाहिले आहेत आणि त्यांना नंतर आपली बाजू मांडताच आली नाही.

त्या कारखानदाराने शेवटी ग्राहकाला सुधारित उत्तर पाठवले. 'नाही' खोडून त्यांनी तीन वापर लिहिले, भरतीतील वापर कोणत्या तारखेला बदलला ते लिहिले आणि वहीच्या दोन पानांची प्रत जोडली. आठ दिवसांनी ग्राहकाकडून एकच ओळीचा प्रश्न आला : नाकारलेले बायोडाटा पुन्हा कोण पाहते? मालकांनी ताईंचे पद लिहिले, त्याखाली स्वतःचे लिहिले आणि या वेळी सही करण्याआधी वही उघडून दोन्ही नोंदी पाहून घेतल्या.